गवताचं बेणं कसं पारखाल? नावावर जाऊ नका, शेजारी लावून पाहा

‘हत्ती गवत आणि नेपिअर एकच का?’ ‘सुपर नेपिअर ही वेगळी जात आहे की नुसतं नाव?’ ‘माझ्या बांधावरचं मारवेल शेजाऱ्याच्या मारवेलपेक्षा उंच वाढतं, मग ते नवं वाण झालं का?’ ‘बाजरी आणि नेपिअरचा संकर मला घरी करता येईल का?’ काशिमिरा, चेणे, राई, मुर्धा, मोर्वा, डोंगरी, उत्तन या पट्ट्यातले गोठेवाले, शेळीपालक, वाडीवाले आणि शेतीशास्त्र शिकणारी मुलं हेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात.

प्रश्न साधे वाटतात, पण उत्तर चुकलं तर पैसे जातात आणि वर्षही जातं. मीरा-भाईंदरमध्ये शेतीला उरलेली जमीन थोडी आहे. बहुवर्षीय गवत एकदा लावलं की तीन-चार वर्षं तीच जागा अडते. म्हणून लावणीआधी एक वर्ष तुलनेसाठी दिलंत तर पुढची सगळी वर्षं ते गवत त्याची परतफेड करतं. ही तुलना कशी करायची, कशाची करायची, कुठे फसायला होतं आणि कायद्यानं तुम्हाला कोणते हक्क दिले आहेत, ते इथे क्रमानं पाहू.

आधी ठरवा : तुम्हाला नेमकं काय हवं आहे?

एकच उत्तर सगळ्यांना लागू पडत नाही. तुम्ही पुढच्या तिघांपैकी कोण आहात ते पाहा.

- फक्त चारा हवा आहे. मग नवं वाण तयार करण्याच्या फंदात पडू नका. विद्यापीठांनी प्रसारित केलेली तीन-चार वाणं आणा, छोट्या तुकड्यावर तपासा आणि त्यातलं एक वाढवा. वर्षभरात निर्णय होतो.
- स्थानिक गवतातून चांगलं ठोंब निवडायचं आहे. याला निवड पद्धत म्हणतात. बांधावरून, माळावरून, वरकस जमिनीवरून वेगवेगळी ठोंबं गोळा करायची, एकत्र लावायची आणि सरस ती वाढवायची. यासाठी किमान दोन वर्षं धरा.
- संकर करायचा आहे. दोन वेगळ्या झाडांचे गुण एकत्र आणायचे आहेत. इथे संयम लागतो. पहिली खात्रीची रोपं हाती यायलाच दोन हंगाम जातात आणि त्यांची पारख करायला आणखी दोन वर्षं लागतात.

जाती, उपजाती, वाण : निर्णयापुरती ओळख

गोंधळाचं मूळ या तीन शब्दांत आहे.

जाती म्हणजे निसर्गातला मोठा गट. बाजरी ही एक जाती आणि नेपिअर ही दुसरी. हत्ती गवत हे नेपिअरचंच दुसरं नाव. उपजाती म्हणजे एकाच जातीतले दिसायला आणि वागायला वेगळे असलेले गट. यांचा आपसात संकर सहज होतो आणि पुढच्या पिढीला बीही धरतं. वाण म्हणजे माणसानं निवडून, नाव देऊन जपलेला प्रकार. यशवंत, फुले जयवंत, सीओ-४ ही वाणं आहेत.

उपजातींचं सगळ्यात जवळचं उदाहरण ज्वारीत मिळतं. आपली धान्याची ज्वारी आणि चाऱ्याचं सुदान गवत या एकाच जातीच्या दोन उपजाती आहेत. म्हणूनच त्यांचा संकर सोपा जातो आणि त्यातून पुन्हा पुन्हा कापता येणारा चारा मिळतो. हिसारच्या कृषी विद्यापीठाचं ‘एसएसजी-५९-३’ हे वाण याच वाटेनं आलं. बाजरीचंही तसंच आहे. आफ्रिकेतल्या तिच्या ‘मोनोडाय’ या रानटी उपजातीतून तांबेऱ्याला दाद न देणारा गुण अमेरिकेतल्या टिफ्टन इथल्या पैदासकारांनी लागवडीच्या बाजरीत आणला.

जाती वेगळ्या असल्या की चित्र पालटतं. बाजरीच्या पेशीत १४ गुणसूत्रं असतात, नेपिअरच्या पेशीत २८. दोघांच्या संकरात २१ येतात. ही विषम संख्या सारखी विभागली जात नाही, म्हणून संकरित नेपिअरला तुरा आला तरी बी धरत नाही. यातून तुमच्या कामाच्या दोन गोष्टी निघतात.

- कुणी ‘संकरित नेपिअरचं बी’ पुडीत देत असेल तर घेऊ नका. त्याची लागवड कांडीनं किंवा ठोंबानंच होते.
- एकदा चांगलं ठोंब हाती लागलं की त्याची प्रत्येक कांडी आईसारखीच निघते. गुण पिढीगणिक बदलण्याची भीती नाही.

मारवेल आणि गिनी गवताची गोष्ट तिसरीच आहे. यांच्यात बरंचसं बी परागीभवनाशिवायच तयार होतं, म्हणजे बियांतूनही आईची नक्कलच उगवते. त्यामुळे संकर करणं अवघड. या गवतांत सुधारणा करायची तर वेगवेगळ्या ठिकाणची ठोंबं जमवून निवड करणं हाच शहाणपणाचा रस्ता.

शास्त्रीय नावांबद्दलही एक सूचना. नेपिअरला पूर्वी ‘पेनिसेटम पर्प्युरियम’ म्हणत, आता ‘सेंक्रस पर्प्युरियस’ म्हणतात. गिनी गवताचं ‘पॅनिकम मॅक्सिमम’ हे नाव बदलून ‘मेगाथायर्सस मॅक्सिमस’ झालं. दोन पाट्यांवर दोन नावं दिसली म्हणून ती दोन गवतं समजू नका.

तुमच्या जमिनीला कोणतं गवत साजेल?

तुलना करायची ती एकाच जमिनीत जगू शकणाऱ्या गवतांची. मीरा-भाईंदरमध्ये चार किलोमीटरच्या आत जमीन बदलते. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. नंतरचे आठ महिने कोरडे.

- चेणे, काशिमिराकडची डोंगरउताराची निचऱ्याची जमीन, पाण्याची सोय असलेली : संकरित नेपिअर. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची यशवंत, फुले जयवंत, फुले गुणवंत, कोइमतूरच्या विद्यापीठाची सीओ-४ आणि सीओ-५, धारवाडची संपूर्णा, उरुळीकांचनच्या ‘बाएफ’ची बीएनएच-१० ही वाणं तुलनेला घ्या.
- पाण्याची सोय नसलेली वरकस जमीन आणि बांध : मारवेल. उंची कमी, पण पालेदार आणि गोड. वाळवून ठेवता येतं. ठाणे-पालघरच्या वरकस जमिनीवरचं गवत कापून, गठ्ठे बांधून मुंबईच्या तबेल्यांकडे जायचं, ती परंपरा जुनी आहे. त्या माळांवर आजही मारवेलाची नाना रूपं सापडतात.
- नारळाच्या वाडीतली अर्धी सावली, उत्तन-डोंगरीकडे : गिनी गवत. सावली सोसणाऱ्या चारा गवतांत याचा क्रमांक वरचा.
- पाणी साचणारी, चिखलाची जमीन : पॅरा गवत. गोरेगावच्या आरे दुग्ध वसाहतीत म्हशींसाठी वर्षानुवर्षं हेच पिकवलं गेलं. नेपिअर इथे मुळाशी कुजतं, त्यामुळे या जमिनीत दोघांची तुलना करण्यात अर्थ नाही.
- खाडीलगतची थोडी खार असलेली जमीन : ऱ्होड्स गवत खारटपणा चांगला सोसतं, पण पाणी साचलेलं त्याला चालत नाही. आधी माती परीक्षण करून क्षारता पाहा, मगच बेणं आणा.

तुलनेचा तुकडा : पायरीपायरीनं

अडीच गुंठे जमीन पुरते. चार वाणांची तुलना धरून हिशेब असा :

१. वाणं ठरवा. तीन नवी आणि एक तुमचं नेहमीचं. नेहमीचं वाण हवंच, कारण ‘आत्ता आहे त्यापेक्षा बरं का?’ हाच तुमचा खरा प्रश्न आहे.

२. जमिनीचे चार पट्टे पाडा. उतार असेल तर पट्टे उताराला आडवे घ्या, म्हणजे एका पट्ट्यातली माती सारखी राहील. प्रत्येक पट्ट्यात चारही वाणं एकेकदा यायला हवीत.

३. प्रत्येक पट्ट्यात क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. आवडतं वाण विहिरीजवळ लावण्याचा मोह सगळ्यांना होतो. चिठ्ठ्या टाकल्या की तो मोह आड येत नाही.

४. वाफा ३.६ मीटर × ३ मीटर ठेवा. नेपिअरसाठी दोन ओळींत ९० सेंटिमीटर आणि दोन ठोंबांत ६० सेंटिमीटर अंतर धरलं तर एका वाफ्यात चार ओळी, प्रत्येकी पाच, म्हणजे २० ठोंबं बसतात. १६ वाफ्यांना ३२० कांड्या लागतील. नांग्या भरायला ३० ते ४० कांड्या जास्त ठेवा.

५. कांडी दोन डोळ्यांची घ्या. तीन महिने वयाच्या धाटाच्या मधल्या भागातली. एक डोळा जमिनीत, एक वर, थोडी तिरकी. सगळ्या वाणांच्या कांड्या सारख्या वयाच्या हव्यात. एकाची कोवळी आणि दुसऱ्याची जून असेल तर तुम्ही वाणाची नव्हे, कांडीच्या वयाची तुलना करत बसाल.

६. लावण एकाच दिवशी उरका. पावसाच्या सुरुवातीला लावा किंवा पाणी असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये. जुलैच्या मुसळधार पावसात लावलेल्या कांड्या आपल्याकडे कुजतात.

७. शेणखत, खत, पाणी सगळ्यांना मोजून सारखं द्या. वजनकाटा नसेल तर एकच घमेलं आणि एकच बादली माप म्हणून ठेवा.

८. पहिली कापणी तुलनेत धरू नका. पहिली कापणी ७० ते ७५ दिवसांनी करा. त्या वेळी ठोंब अजून रुजत असतं. खरी तुलना दुसऱ्या कापणीपासून सुरू होते. जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटर वर कापा.

९. काठाची ठोंबं वेगळी कापा. काठाला ऊन आणि जागा जास्त मिळते, त्यामुळे ती फुगतात. मधल्या दोन ओळींतली मधली तीन-तीन, अशी सहा ठोंबंच वजनाला धरा.

१०. पावसाळा, हिवाळा, उन्हाळा, तिन्ही ऋतूंतल्या कापण्या नोंदवा. पावसात सगळीच गवतं माजतात. तुमच्या दावणीला खरी ओढ एप्रिल-मेमध्ये लागते.

मारवेलची निवड करत असाल तर ठोंबं ६० × ४५ सेंटिमीटरवर लावा आणि प्रत्येक ठोंब कुठून आणलं त्याची नोंद पहिल्याच दिवशी करा : गाव, जागा, माती, तारीख. मूळ ठिकाण हरवलं की त्या ठोंबाची अर्धी किंमत जाते.

काय मोजायचं आणि का

हिरव्या चाऱ्याचं वजन फसवं असतं. संकरित नेपिअरमध्ये ८० टक्के किंवा त्याहून जास्त पाणी असतं. वजनावर भाव ठरला तर तुम्ही पाणीच विकत घेता. म्हणून पुढच्या गोष्टी नोंदवा.

- शुष्क पदार्थ : प्रत्येक वाफ्यातला एक किलो चारा कुट्टी करून वाळवा. वजन कमी होणं थांबेपर्यंत वाळवायचं. २०० ग्रॅम उरलं तर शुष्क पदार्थ २० टक्के. घरच्या उन्हात वाळवलेल्या चाऱ्यात थोडी ओल राहतेच, पण सगळे नमुने एकत्र, एकाच जागी वाळवले तर तुलना खरी उतरते.
- रोजची वाढ : एकूण शुष्क पदार्थाला दोन कापण्यांमधल्या दिवसांनी भागा.
- पान-धाट प्रमाण : एक किलो चाऱ्यातली पानं आणि धाटं वेगळी करून दोन्ही तोला. जनावर पानं खातं आणि जून धाट दावणीत टाकतं.
- फुटवे : एका ठोंबाला किती आणि कापणीनंतर किती दिवसांत नवे येतात.
- कूस : पानाच्या कडेवर आणि देठावर बोट फिरवून पाहा. जास्त कूस असलेलं गवत कापणाऱ्याचे हात सोलतं आणि जनावरही नाखुशीनं खातं.
- तग : दोन कापण्यांनंतर २० पैकी किती ठोंबं जिवंत आहेत, पावसात किती लोळली, उन्हाळ्यात किती पिवळी पडली.
- दावणीतली उरावळ : चारही वाणं तोलून एकाच गाई-म्हशींपुढे आळीपाळीनं ठेवा आणि उरलेलं तोला.

एक हिशेब करून पाहू. समजा सहा ठोंबांतून ‘अ’ वाणानं १५ किलो हिरवा चारा दिला, शुष्क पदार्थ १६ टक्के. ‘ब’ वाणानं १३ किलो दिला, शुष्क पदार्थ २० टक्के. हिरव्या वजनात ‘अ’ पुढे. पण शुष्क पदार्थ ‘अ’चा २.४ किलो आणि ‘ब’चा २.६ किलो, म्हणजे ‘ब’ पुढे. आता ‘अ’ ४५ दिवसांत कापणीला आलं आणि ‘ब’ला ६० दिवस लागले असतील तर रोजची वाढ ‘अ’ची ५३ ग्रॅम, ‘ब’ची ४३ ग्रॅम. पुन्हा ‘अ’ पुढे! तिन्ही आकडे खरे आहेत. चारा विकत घेऊन वाहून आणणाऱ्याला ‘ब’ परवडेल, स्वतःच्या तुकड्यातून रोज कापणाऱ्याला ‘अ’. म्हणूनच आधी स्वतःची गरज ठरवायची.

प्रथिनं, ऑक्झॅलेट आणि नायट्रेट घरी मोजता येत नाहीत. शेवटी उरलेल्या दोन वाणांचे नमुने कृषी किंवा पशुवैद्यकीय विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या. सगळ्या वाणांवर तो खर्च करण्याची गरज नाही.

संकर करायचाच असेल तर

बाजरी × नेपिअर हा संकर चिकाटीच्या माणसाला छोट्या जागेत, अगदी ड्रममध्ये रोपं लावूनही जमतो. बाजरी मादी म्हणून घ्यायची. तिच्या कणसात आधी केसर, म्हणजे स्त्रीभाग, बाहेर येतो आणि परागकोश दोन-तीन दिवसांनी. त्यामुळे चिमट्यानं परागकोश काढत बसावं लागत नाही.

१. नेपिअरला तुरे थंडीत, दिवस लहान झाले की येतात. बाजरी पेरल्यापासून ४५ ते ६० दिवसांत निसवते. दोघांची गाठ पडावी म्हणून सप्टेंबरअखेरपासून दर दहा दिवसांनी थोडी थोडी बाजरी पेरा.

२. बाजरीचं कणीस पानाच्या आवरणातून डोकावू लागलं की लगेच बटर पेपरची पिशवी चढवा आणि तारीख लिहा.

३. केसर पूर्ण बाहेर आला की सकाळी नेपिअरचा ताजा पराग दुसऱ्या पिशवीत झाडून घ्या, बाजरीच्या कणसावर टाका आणि पिशवी पुन्हा बांधा. दुसऱ्या दिवशीही हेच करा.

४. दाणे सुरकुतलेले निघाले तरी टाकू नका. ते ट्रेमध्ये काळजीनं रुजवा.

५. उगवलेल्या रोपांत काही नुसती बाजरीच असेल. ती कणीस पिकल्यावर मरते. कापल्यावर पुन्हा फुटणारं आणि बी न धरणारं रोप संकरित समजा.

६. इथे प्रत्येक संकरित रोप वेगळं असतं, कारण नेपिअर स्वतःच मिश्र गुणांचं आहे. एका रोपावर भाळू नका. शक्य तितकी रोपं वाढवा, त्यातली पाच-सहा निवडा, त्यांच्या कांड्या करा आणि मग वर सांगितल्याप्रमाणे तुलनेच्या तुकड्यात उतरवा.

ज्वारी × सुदान गवत हा उपजातींचा संकर असल्यानं बी भरपूर मिळतं. पण ज्वारीत परागकोश आणि केसर एकाच फुलात जवळजवळ एकाच वेळी येतात, म्हणून परागकोश आधी काढावे लागतात. त्या कामाचा हात आधी जाणत्याकडून बसवून घ्या.

इथे फसायला होतं

- विशेषणाला भुलणं. ‘सुपर’, ‘जायंट’, ‘बुलेट’ ही विक्रीची नावं असू शकतात. थायलंडमधलं पाकचोंग-१ हेही नेपिअर-बाजरीच्याच कुळातलं आणि तेच आपल्याकडे सुपर नेपिअर म्हणून विकलं जातं. विक्रेत्याला नेमकं वाण आणि ते प्रसारित करणारी संस्था विचारा. सांगता येत नसेल तर ते ‘अनोळखी’ म्हणूनच तुलनेत लावा.
- उंची म्हणजे उत्पन्न समजणं. बारा फुटी गवताचा फोटो छान दिसतो. पण ते वाढलेलं धाट असतं, चारा नव्हे.
- कोवळं कापणं. कोवळ्या नेपिअरमध्ये ऑक्झॅलेट जास्त असतं. ते शरीरातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. दुभत्या जनावराला नेपिअर एकटं देऊ नका. द्विदल चारा, सुका चारा आणि खनिज मिश्रण सोबत हवं.
- ज्वारीवर्गाचं विष. कोवळ्या किंवा पाण्याच्या ताणातल्या ज्वारीत आणि सुदान गवतात हायड्रोसायनिक आम्ल असतं. फुलोऱ्याआधी ते जनावराला घालू नका. बरू हे रानगवतही याच कुळातलं. गुण घेण्यासाठी म्हणून ते शेतात आणू नका. त्याच्या जमिनीखालच्या कांड्या एकदा पसरल्या की उपटून संपत नाहीत.
- नाल्याचं पाणी. कारखान्यांचं सांडपाणी मिसळलेल्या पाण्यावर गवत तरारून येतं, पण जड धातू चाऱ्यात आणि तिथून दुधात उतरतात.
- पॅरा गवत खाडीकडे सोडणं. उरलेल्या कांड्या ओढ्या-नाल्यात टाकू नका. त्या तिथेच रुजतात आणि पाणथळ जागा गिळतात.
- कांदळवनाची जमीन. ‘पडीक आहे’ म्हणून कांदळवन साफ करून गवत लावणं गुन्हा आहे. मुंबई उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये राज्यभर कांदळवनतोडीवर पूर्ण बंदी घातली आहे आणि भोवतीचा ५० मीटरचा पट्टाही संरक्षित आहे.
- परदेशातून ठोंब आणणं. प्रवासाच्या सामानातून कांडी किंवा बी आणणं २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार परवान्याशिवाय चालत नाही. एका कांडीसोबत नवा रोग देशात येऊ शकतो.

बेणं विकत घेताना तुमचे हक्क

- पावती मागा. तिच्यावर वाणाचं नाव, नग, तारीख आणि विक्रेत्याचा पत्ता हवा. चाऱ्याच्या कांड्या आणि ठोंबंही १९६६ च्या बियाणे कायद्यातल्या ‘बियाणे’ या व्याख्येत येतात.
- फसवणूक झाली तर ग्राहक आयोगाकडे जा. शेतकरी हा ग्राहकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध एम. मधुसूदन रेड्डी या खटल्यात स्पष्ट केलं. दाद मागायची तर पावती, फोटो, तारखांची वही आणि कृषी अधिकाऱ्याचा पंचनामा जपून ठेवा.
- संरक्षित वाणाचंही बेणं ठेवता येतं. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याचं ३९ वं कलम तुम्हाला स्वतःच्या शेतातलं बियाणं साठवण्याचा, पुन्हा लावण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचाही हक्क देतं. अट एकच : संरक्षित वाणाचं ब्रँड लावलेलं पाकीट किंवा लेबल करून ते विकू नका.
- वचन दिलं तसं उत्पन्न नाही आलं तर भरपाई. या कायद्याखाली नोंदलेल्या वाणाचं बेणं विकताना कोणत्या परिस्थितीत किती उत्पन्न अपेक्षित आहे, हे पैदासकारानं सांगणं बंधनकारक आहे. तेवढं उत्पन्न आलं नाही तर या कायद्याखालच्या प्राधिकरणाकडे भरपाई मागता येते.
- संकरासाठी नोंदलेलं वाण वापरता येतं. प्रयोग आणि नवं वाण तयार करण्यासाठी ३० वं कलम मोकळीक देतं. मात्र व्यापारी उत्पादनासाठी तेच वाण दर वेळी जनक म्हणून लागणार असेल तर मूळ पैदासकाराची परवानगी घ्यावी लागते.

तुमचं वाण नोंदवायचं असेल तर

१. तुमची जाती केंद्र सरकारनं नोंदणीसाठी अधिसूचित केली आहे का, ते दिल्लीतल्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क प्राधिकरणाच्या यादीत आधी पाहा. जाती यादीत नसेल तर अर्ज पुढे जात नाही.

२. वाण इतरांपेक्षा वेगळं, सगळी झाडं एकसारखी आणि गुण टिकाऊ आहेत, हे दाखवावं लागतं. तुमची तुलनेची वही इथे कामी येते. ‘चांगलं वाढतं’ हे पुरेसं नाही. पानाची रुंदी, कूस, फुटव्यांची संख्या, तुऱ्याचा रंग आणि येण्याची तारीख असे डोळ्यांना दिसणारे, मोजता येणारे फरक लिहा.

३. नव्या वाणाचं बेणं अर्जाच्या तारखेपूर्वी एका वर्षाहून आधी भारतात विकलेलं नसावं. म्हणून नोंदणीचा विचार असेल तर आधीच विक्रीची घाई करू नका.

४. शेतकऱ्याला नोंदणीचं शुल्क द्यावं लागत नाही. पिकांच्या वाणाला संरक्षण १५ वर्षांचं मिळतं.

५. नोंदणी करायची नसली तरी दुर्मीळ स्थानिक ठोंबाचा नमुना राष्ट्रीय जनुकपेढीत जपला जाऊ शकतो. हे काम नवी दिल्लीचं राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरो करतं आणि त्याचं प्रादेशिक केंद्र अकोल्याला आहे. महापालिकेच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे लोकजैवविविधता नोंदवहीत तुमच्या भागातल्या गवतांची नोंद करण्याचाही आग्रह धरा.

कोणाकडे जायचं?

- कोसबाड (ता. डहाणू) इथलं कृषी विज्ञान केंद्र : उत्तर कोकणातल्या शेतकऱ्यांना जवळचं. बेणं आणि प्रशिक्षणासाठी.
- डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ, दापोली : कोकणच्या पावसात आणि मातीत काय टिकतं, त्यासाठी.
- महात्मा फुले कृषी विद्यापीठ, राहुरी : चारा पिकांवर संशोधन करणारं राज्यातलं जुनं ठिकाण. मूळ बेणं शक्यतो इथूनच घ्या.
- बाएफ, उरुळीकांचन : मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उभी केलेली संस्था. गोपालनाच्या दृष्टीनं चाऱ्याचा सल्ला मिळतो.
- भारतीय चरागाह आणि चारा संशोधन संस्था, झाशी : १९६२ ची स्थापना. प्रादेशिक केंद्र धारवाडला. संकराच्या कामासाठी.
- किसान कॉल सेंटर, १८००-१८०-१५५१ : मराठीत बोलता येतं, शुल्क नाही.

जाताना रिकाम्या हातानं जाऊ नका. माती परीक्षणाचा कागद, जागेचा फोटो, किती जनावरं आणि पाणी किती महिने, एवढं सोबत असेल तर सल्ला नेमका मिळतो.

शेवटी एकच विनंती. यंदा ट्रकभर बेणं मागवू नका. चार वाणांच्या ऐंशी-ऐंशी कांड्या आणा, चिठ्ठ्या टाकून लावा आणि प्रत्येक कापणी वहीत उतरवा. आपल्या माळांवरचं मारवेल इमारतींखाली झपाट्यानं जात आहे. त्यातलं एखादं सरस ठोंब तुम्ही आज खुरप्यानं उचलून, ठिकाण लिहून जपलंत तर उद्याच्या पैदासकाराला ते मिळेल. वर्षभरानं तुमची वही भरली की कोणतं गवत वाढवायचं हे विचारायला तुम्हाला कुणाकडे जावं लागणार नाही. उलट शेजारी ठोंब मागायला तुमच्याकडे येतील. तेव्हा त्यांना ठोंबासोबत वहीची प्रतही द्या.